काठ सोडायचा नाही

परदेशातून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काय काय पाहिलंत?’ आणि दुसरा, ‘काय काय आणलंत?’ मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागले की समोरच्याची जरा निराशाच होते. कारण मी सांगते, एडिंबराच्या टेकडीखालच्या तळ्यात सकाळी साडेपाचला जागे होणारे हंस पाहिले. क्योटोच्या नदीत एका पायावर उभा असलेला बगळा पाहिला. व्हँकुव्हरला दगडी भिंतीवर आपटणारी भरती पाहिली. मग समोरचे विचारतात, ‘अहो, आणि तिथला किल्ला?’ किल्लाही पाहिला, पण तो साडेनऊला उघडतो. तोवर माझं शहर पाहून झालेलं असतं.

श्रोतेहो, मी धावते. आता वयाच्या सत्तरीला टेकले आहे, त्यामुळे ‘धावते’ म्हणताना थोडी भीड वाटते. खरं म्हणजे थोडं धावते, थोडं चालते, पुन्हा थोडं धावते. शर्यत जिंकण्याचा प्रश्नच नाही. माझ्या शेजारून एखादे आजोबा कुत्रं घेऊन चालत पुढे निघून जातात, असंही झालं आहे. पण ज्या ज्या परक्या गावी मुक्काम केला, तिथली पहाट मी अशी पायांनी पाहिली. आज त्याबद्दल बोलायचं आहे. आणि त्या निमित्तानं एक जुनी गोष्टही सांगायची आहे, जी सांगायला मला बराच काळ लागला.

मी वाईची. कृष्णेच्या काठावरची. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. भूगोलाच्या शिक्षकाची एक गंमत असते. त्यानं जग पाठ केलेलं असतं, पाहिलेलं नसतं. फळ्यावर मी जपानची चार बेटं डोळे मिटून काढत असे. प्रत्यक्षात माझा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे मुलींची सहल घेऊन गेलेली म्हैसूर-उटी.

पन्नाशी ओलांडल्यावर रक्तात साखर सापडली. डॉक्टर म्हणाले, ‘बाई, गोळ्या देतो, पण रोज तासभर चाला.’ मग मी साडी जरा वर खोचून, पहाटे घाटावरून गणपतीला जाऊन यायला लागले. चालण्याशी माझी ओळख झाली ती अशी. धावण्याशी ओळख मात्र स्कॉटलंडमध्ये झाली.

माझी लेक लग्नानंतर एडिंबराला गेली. 2009 साली तिची मुलगी आठ महिन्यांची होती, आणि लेकीला पुन्हा नोकरीवर रुजू व्हायचं होतं. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड महिन्यासाठी गेले. दिवसभर नातीला सांभाळायचं, संध्याकाळी लेक आणि जावई आले की स्वयंपाक. पण मे महिन्यात तिथे पाचच्या सुमाराला लख्ख उजाडतं. मला आपली पहाटे उठायची सवय. घरात सगळे झोपलेले, भांड्याचा आवाजही करता येत नाही. लेक म्हणाली, ‘आई, दहा मिनिटांवर हॉलिरूड पार्क आहे. फिरून ये. माझे बूट घाल.’

तिचे बूट मला एक नंबर मोठे. मी दोन दोन मोजे चढवले, पंजाबी ड्रेसवर तिचं जाकीट घातलं आणि निघाले. पार्क म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर बाक आणि कारंजं होतं. प्रत्यक्षात शहराच्या मधोमध एक अख्खा डोंगर उभा! आर्थर्स सीट त्याचं नाव. उंची 251 मीटर. म्हणजे आमच्या पांडवगडाच्या मानानं लेकरूच. पण हे लेकरू वयानं फार थोर. सुमारे 34 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा तो उरलेला भाग आहे. आपला दख्खनचा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्याच्यापुढे अगदी कालचा.

त्या डोंगराला वळसा घालून एक डांबरी रस्ता जातो. साधारण पाच किलोमीटरचा. तिथे पहाटे माणसं धावत होती. तरुण होती, माझ्या वयाच्या बायका होत्या, एक म्हातारे गृहस्थ तर वाकलेल्या पाठीनं धावत होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पहिले आठ दिवस मी नुसती चालले. नवव्या दिवशी गार वारं सुटलं, अंगात हुडहुडी भरली आणि ऊब यावी म्हणून मी चार पावलं धावले. मग मागे वळून पाहिलं, कुणी हसतंय का. कुणी नव्हतं. एका दिव्याच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत धावले. पुढचे दोन खांब चालले. पुन्हा एक खांब धावले. माझं धावण्याचं शिक्षण असं खांबाखांबानं झालं, आणि अजूनही नवशिक्यांना मी हाच धडा देते.

तुम्ही म्हणाल, चालत काय दिसत नाही, जे धावताना दिसतं? एक तर पल्ला वाढतो. नाश्त्याआधी शहराचा एक अख्खा कोपरा पायाखालून जातो. आणि दुसरं म्हणजे श्वास मोठा होतो, त्यामुळे वास कळतात. त्या डोंगरावर मे महिन्यात पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं फुललेली असतात. गॉर्स म्हणतात त्यांना. चढावर धाप लागली आणि मी खोल श्वास घेतला, तर चक्क ओल्या खोबऱ्याचा वास! मला वाटलं, घरच्या आठवणीनं भास होतोय. पण नाही, त्या फुलांना खरंच तसा वास असतो. स्कॉटलंडच्या डोंगरावर उभी राहून मला नारळीपौर्णिमा आठवत होती.

त्याच डोंगराच्या एका अंगाला सॅलिसबरी क्रॅग्ज नावाचे ताशीव कडे आहेत. त्यांच्या पायथ्याची वाट 1820 च्या सुमारास काम नसलेल्या विणकरांकडून बांधून घेतली होती. आपल्याकडच्या दुष्काळी कामांसारखीच. पुढे 2018 मध्ये दगड कोसळले आणि ती वाट बंद करावी लागली, पण तेव्हा ती खुली होती. एका सकाळी मी तिथे थबकलेच. जेम्स हटन हे नाव मी वर्गात कितीदा घेतलं असेल. याच शहरातला हा माणूस, 1726 ते 1797 हा त्याचा काळ. सगळे खडक समुद्राच्या पाण्यात साचून तयार झाले, असं त्या काळचे बरेच विद्वान मानत. हटननं या कड्याकडे बोट दाखवलं. खालून वर आलेला तप्त रस गाळाच्या थरांमध्ये घुसला आहे, त्यानं थर वाकवले आहेत, उचलले आहेत. हे आगीचं काम आहे, आणि याला अपरंपार काळ लागला असणार. पृथ्वीचं वय मोजायची दृष्टी जगाला मिळाली, त्यात या कड्याचा वाटा आहे. मी त्या खडकावर हात ठेवला. घामेजलेला हात आणि गार दगड. जे पंचवीस वर्षं खडूनं काढत आले, ते हाताला लागत होतं. डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं असेल.

आता ती जुनी गोष्ट.

चौथ्या रविवारी लेक म्हणाली, ‘मी पण येते. बाळाजवळ हा आहे.’ आम्ही निघालो. तळ्यापाशी आल्यावर ती म्हणाली, ‘आई, तू तुझ्या वेगानं ये.’ आणि ती सुटली. चढावर तिची पाठ दिसत होती. उजवं कोपर किंचित बाहेर काढून धावायची तिची लकब तशीच होती. ती मी पंधरा वर्षांनी पाहत होते.

1994 साली ती नववीत होती. तालुक्याच्या स्पर्धेत 800 मीटर धावण्यात पहिली आली. जिल्ह्यालाही निवड झाली. पी. टी. चे सर घरी आले. म्हणाले, ‘बाई, मुलगी चांगली आहे. रोज सकाळी मैदानावर पाठवा, वर्षभरात विभागापर्यंत जाईल.’ मी चहा दिला आणि नाही म्हणाले. कारण सांगितलं अभ्यासाचं. खरं कारण वेगळं होतं. मैदानाच्या कडेला टवाळ मुलं बसायची. आळीतल्या एका बाईंनी मला गाठून म्हटलं होतं, ‘मुलगी मोठी झाली हो, अर्ध्या चड्डीत पळवता का अजून?’ यांनी विरोध केला नव्हता. सासूबाईंनीही नाही. नकार माझा होता. आणि याहून वाईट म्हणजे, त्याच महिन्यात शाळेतल्या दुसऱ्या तीन मुलींच्या आईबापांना समजावून मी त्यांच्या संमतीपत्रांवर सह्या आणल्या होत्या. दुसऱ्यांच्या मुलींसाठी मी पुढारलेली होते. लेक रडली नाही, भांडली नाही. तिनं कॅनव्हासचे बूट कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. पुन्हा तो विषय आमच्या घरात निघाला नाही.

त्या रविवारी ती वरच्या तळ्यापाशी माझी वाट बघत थांबली होती. मी धापा टाकत पोचले. ती पाण्याकडे बघत म्हणाली, ‘आई, तेव्हा तू सरांना नाही का म्हणालीस गं?’ मी म्हणाले, ‘लोक काय म्हणतील, याची भीती होती.’ ती म्हणाली, ‘लोक इथेही आहेतच की.’ एवढंच. मग आम्ही उतार उतरून घरी आलो. नात उठली होती. तिला खिमटी भरवायची होती.

मी जूनमध्ये वाईला परत आले. लेकीनं माझ्या मापाचे नवे बूट घेऊन दिले होते. ते तीन आठवडे कपाटात होते. एडिंबरात धावणारी मी वाईत धावू शकत नव्हते. तिथे मला कोण ओळखत होतं? इथे वाटेवरचं प्रत्येक दुसरं घर माझ्या विद्यार्थिनीचं. रोज पहाटे बूट काढायचे, पुसायचे आणि चपला घालून घाटावर जायचं. एके दिवशी माझी मलाच लाज वाटली. चौदा वर्षांच्या पोरीनं जे धैर्य दाखवलं होतं, ते त्रेपन्न वर्षांच्या बाईला होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मेणवलीच्या रस्त्याला लागले आणि उसाच्या शेतांपाशी गाव मागे पडल्यावर धावायला सुरुवात केली. पाचच मिनिटांत समोरून सायकलवर दूधवाला आला. त्यानं करकचून ब्रेक दाबला, किटल्या हिंदकळल्या. घाबऱ्या आवाजात म्हणाला, ‘बाई, काय झालं? कोण मागं लागलंय का?’ मी म्हटलं, ‘साखर लागलीय रे मागं!’ तो हसला, मी हसले. दोन दिवसांत साऱ्या गावाला कळलं की भूगोलाच्या बाई पळतात. चार दिवस लोक बोलले, मग त्यांना दुसरा विषय मिळाला. ज्या चार दिवसांच्या भीतीनं मी लेकीचं धावणं बंद केलं, ते फक्त चारच दिवस होते.

पुढच्या वर्षी आठवी-नववीच्या पाच मुली माझ्याबरोबर यायला लागल्या. आयांनी पाठवल्या, कारण ‘बाई बरोबर आहेत’. त्यातली कुणी ऑलिंपिकला गेली नाही. पण एक पोलिसात भरती झाली आणि धावण्याच्या चाचणीच्या दिवशी तिनं मला फोन केला. 2016 साली आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर रिओला 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. 1984 मध्ये पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती, त्यानंतर 32 वर्षांनी एक भारतीय स्त्री ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत होती. त्या रात्री मला पी. टी. चे सर आठवले.

त्याच वर्षी, एप्रिलच्या सुरुवातीला, मी निवृत्त शिक्षिकांच्या गटाबरोबर जपानला गेले होते. सहलीत बस असते, झेंडा घेतलेला मार्गदर्शक असतो, आणि ‘दहा मिनिटं, फोटो काढा, परत या’ असं असतं. त्यात पहाटेचा वेळ मात्र आपला असतो. टोकियोत आमच्या हॉटेलपासून राजवाडा जवळ होता. राजवाड्याच्या खंदकाभोवतीची वाट बरोबर पाच किलोमीटरची. वाटेत एकही सिग्नल नाही, त्यामुळे सारं टोकियो तिथे धावायला येतं. मी आपल्या सवयीनं राजवाडा उजव्या हाताला ठेवून निघाले. देवळाची प्रदक्षिणा आपण तशीच घालतो ना! बघते तर समोरून माणसांचा लोंढाच्या लोंढा. सगळे माझ्या विरुद्ध दिशेनं. मला वाटलं, काय ही बेशिस्त! शेवटी एक मुलगी थांबली, कमरेत वाकली आणि तिनं हातानं गोल करून दाखवलं. तेव्हा कळलं, तिथे सगळ्यांनी घड्याळाच्या उलट दिशेनं धावायचं, असा रिवाज आहे. म्हणजे बेशिस्त मीच होते. मी हात जोडले आणि उलटी प्रदक्षिणा घातली. देव समजून घेईल.

क्योटोत कामो नदी आहे. शहरातून उत्तरेकडून दक्षिणेला वाहणारी, उथळ, दोन्ही काठांना गवत आणि पायवाट. नदीकाठच्या माणसाला परक्या मुलखात नदी दिसली की माहेर दिसल्यासारखं होतं. मी प्रवाहाच्या उलट दिशेनं निघाले. काठावरची चेरी फुलली होती आणि पाकळ्या पाण्यावरून वाहत माझ्या समोरून येत होत्या. तीनेक किलोमीटरवर ताकानो नावाची दुसरी नदी तिला येऊन मिळते. आमच्या माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम आहे, तसा. तिथे नदी ओलांडायला पाण्यात मोठाले दगड मांडले आहेत, आणि त्यांतले काही कासवाच्या आकाराचे आहेत! साठी उलटलेली मी, कासवांच्या पाठीवरून उड्या मारत पलीकडे गेले. कुणी ओळखीचं नव्हतं, पण आता असतं तरी चाललं असतं.

परतताना नदीजवळच्या एका मोकळ्या जागेत दहा-बारा म्हातारी माणसं गोल करून उभी होती. मध्ये एक लहानसा रेडिओ. साडेसहाला पियानो वाजायला लागला आणि सगळे एका तालात हात वर, हात खाली करू लागले. रेडिओवरची कवायत! तिथल्या एनएचके नभोवाणीनं ती 1928 साली सुरू केली. महायुद्धानंतर ती थांबली आणि 1951 पासून नव्या रूपात पुन्हा आली. अजूनही रोज सकाळी साडेसहाला ती लागते आणि माणसं रेडिओभोवती जमतात. मी बाजूला उभी राहिले. एका आजींनी सरकून जागा करून दिली. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण हात कधी वर न्यायचे ते कळत होतं. आज या माइकसमोर बसताना मला तो लहानसा रेडिओ आठवतो आहे.

या आनंदात मी एक चूक केली. माझा उतरायचा पूल चौथा, शिजोचा. तिथल्या मोठ्या रस्त्यांना क्रमांकांची नावं आहेत. सान्जो म्हणजे तिसरा, शिजो चौथा, गोजो पाचवा. मला हे नंतर कळलं. पाट्या जपानी अक्षरांत, पूल सारखे दिसणारे, आणि मी पाकळ्या बघत पुढे निघून गेले, थेट पाचव्या पुलाशी. आठला बस निघणार होती. छातीत धडधड सुरू झाली. साखर उतरल्यावर होते तशी थरथरही वाटायला लागली. खिशात दोन लिमलेटच्या गोळ्या होत्या, त्या तोंडात टाकल्या आणि काठावर बसले. मग हॉटेलचं कार्ड काढून एका आजोबांना दाखवलं. त्यांनी नुसतं बोट दाखवलं नाही, तर पिशवी खांद्याला लावून मला चौथ्या पुलापर्यंत आणून सोडलं. आम्ही दोघं पंधरा मिनिटं शेजारी शेजारी चाललो, एक शब्द न बोलता.

त्या दिवसापासून मी माझे नियम पक्के केले. ज्यांना परगावी असं धावायचं असेल, त्यांच्यासाठी सांगते. पहिला नियम, काठ सोडायचा नाही. नदी, समुद्र, कालवा, तळं, जे पाणी असेल त्याच्या कडेनं जायचं. पाणी परत आणून सोडतं. फक्त आपला पूल ओळखायची खूण जाताना मागे वळून पाहून ठेवायची, कारण येताना तो उलट्या बाजूनं दिसतो. दुसरा, अर्धा वेळ संपला की दृश्य कितीही सुंदर असलं तरी मागे फिरायचं. तिसरा, खिशात मुक्कामाच्या जागेचं कार्ड, थोडे पैसे आणि गोड काहीतरी. चौथा, वाहनं कुठल्या बाजूनं येतात ते आधी नीट लक्षात घ्यायचं. ब्रिटन-जपानमध्ये आपल्यासारखीच डावीकडून चालतात, पण कॅनडा-अमेरिकेत उलट, तिथे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. आणि पाचवा, निघताना कुणाला तरी सांगून जायचं. कुठली वाट सुरक्षित आहे, हे हॉटेलातल्या माणसाला विचारायला लाजायचं नाही.

शेवटचं गाव व्हँकुव्हर. लेकीचं बिऱ्हाड पुढे तिथे गेलं आणि 2019 च्या जुलैत मी तिच्याकडे होते. तिथल्या स्टॅनली पार्कला तीन बाजूंनी समुद्र आहे आणि काठानं दगडी भिंत बांधून तिच्यावरून वाट केली आहे. साधारण नऊ-दहा किलोमीटरची. 1917 साली काम सुरू झालं आणि फेरा पूर्ण झाला 1980 साली. त्यातली तीन दशकं जेम्स कनिंगहॅम नावाच्या एका गवंड्यानं तिच्यावर काम केलं. 1963 मध्ये तो वारला. भिंत पुरी झालेली त्यानं पाहिली नाही. वाटेवर त्याच्या नावाची पाटी आहे, तिथे मी दरवेळी थांबत असे. आपल्या घाटांच्या पायऱ्या बसवणाऱ्या पाथरवटांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, याची चुटपुट लागायची. तिथे सायकलवाल्यांना एकाच दिशेनं जावं लागतं. चालणाऱ्या-धावणाऱ्यांना मात्र दोन्ही दिशा मोकळ्या, त्यामुळे माझी प्रदक्षिणेची अडचण सुटली.

एका रविवारी आम्ही तिघी निघालो. लेक, नात आणि मी. लायन्स गेट पुलाखालून पुढे गेल्यावर नातीला माझा वेग सोसेना. ‘आजी, मी पुढे जाऊन थांबते,’ म्हणाली आणि पळाली. अकरावं सरत होतं तिचं. उजवं कोपर किंचित बाहेर. मी लेकीकडे पाहिलं. तिनंही ते पाहिलं होतं.

पुढे वाळूचा किनारा लागतो, तिथे आम्ही दोघी एका ओंडक्यावर बसलो. मी म्हणाले, ‘चुकलं माझं तेव्हा.’ पंचवीस वर्षं झाली होती. मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे गं आई, त्याचं काय एवढं. ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, ‘मला माहितीय तुला वाईट वाटतं. मी रागावलेली नाही. पण चौदाव्या वर्षी मी किती जोरात पळू शकले असते, ते आता मला कधीच कळणार नाही, आई.’

त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं आणि मी बोललेही नाही. काही चुका दुरुस्त होत नाहीत. आपण फक्त त्या पुढच्या मुलीच्या बाबतीत करायच्या नाहीत. थोड्या वेळानं नात परत आली, चेहरा लाल झालेला. ‘तुम्ही दोघी बसलात काय? उठा की!’ आम्ही उठलो. उरलेली वाट तिघी बरोबर चाललो, म्हणजे नात आमच्यासाठी चालली.

आता परदेशी जाणं कमी झालं आहे. गुडघे कुरकुरतात. पण वाईला असले की सकाळी मेणवलीच्या रस्त्याला मी असतेच. नदी डाव्या हाताला ठेवून जायचं, उजव्या हाताला ठेवून यायचं. हल्ली त्या रस्त्यावर मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीच्या, लष्करात जायचं म्हणणाऱ्या, काही नुसत्याच. त्या माझ्याजवळून पुढे जाताना ‘बाई, गुड मॉर्निंग’ म्हणतात.

तुमच्या घरात कुणी मुलगी पहाटे बूट घालून दाराशी उभी असेल, तर एवढंच करा. तिला लवकर परत ये म्हणा, खिशात दोन गोळ्या द्या, आणि दार उघडा.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)